झोळीवरचा चिकाचा डाग

या दिवाळीलाही यायला जमणार नाही, असं लेकीने काल पुण्याहून फोनवर सांगितलं. मन कशात लागेना, म्हणून कपाट आवरायला काढलं, तर तिच्या झोळीचं जुनं लुगडं हाती आलं. त्यावरचा केळीच्या चिकाचा काळपट डाग अजून तसाच आहे. तो कशानेच जात नाही, हे आमच्या रावेरकडे सगळ्यांना ठाऊक.

तेव्हा मी शाळेत विज्ञान शिकवायची. दुपारी माझे सासरे, नाना, झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून नातीला झोके देत बसायचे. एकदा त्यांचा डोळा लागला, पाय मात्र चालूच. लेकीला दूध पाजायला मी हळूच उचलून घेतलं. रिकामी झोळी हलवू नये म्हणतात, आणि नानांना उठवणं जिवावर आलं. मग ओसरीवरची नुकतीच कापलेली केळ्यांची फणी मी झोळीत ठेवली. झोका त्याच लयीत चालू राहिला. लंबकाचं वजन बदललं तरी झोक्याला वेळ तेवढाच लागतो, हे मी तोवर फक्त फळ्यावर लिहीत आले होते.

जाग आल्यावर नानांनी आत डोकावून पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "पोर त हिरवी झाली वं आपली."

नाना आता नाहीत. डागावरून हात फिरवताना त्याच धड्यातली पुढची ओळ आठवली. दोरी लांब असली की झोका परत यायला जास्त वेळ लागतो.

लेकीला फोन लावला आणि म्हटलं, "सवडीने ये."