लढाईची सावड

मुंबईच्या कॉलेजात माझं पहिलं वर्ष संपलं, तेव्हा युरोपातली लढाई सुरू होऊन काही महिने झाले होते. ती समजावी म्हणून मी अर्वाचीन युरोपचा इतिहास वाचायला घेतला होता. सुट्टीत खोडाळ्याजवळच्या आमच्या पाड्यावर आलो, तो वहीसकट.

घरी मात्र वेगळाच प्रश्न होता. आमच्याकडे भाताची आवणी, म्हणजे लावणी, सावडीनं होते: तुम्ही आमच्या शेतात या, आम्ही तुमच्या. मी कॉलेजात राहिलो की आमचा एक हात कमी. गेल्या वर्षी शेजाऱ्यांनी ते चालवून घेतलं. यंदा घेतलं नाही, तर मला घरीच राहावं लागेल, असं वडलांनी स्पष्ट सांगितलं.

सावडीत शेजारच्या काकूचा शब्द चाले. राबासाठी, म्हणजे रोपांची जागा भाजायला, सगळे मिळून पाला पसरताना ती म्हणाली, हा शिकला काय ते आधी कळू द्या. लढाई कशावरून लागली ते सांगू दे.

मी ऑस्ट्रियाच्या युवराजाच्या खुनापासून सुरुवात केली.

"मारणारा घावला का?" काकूनं विचारलं.

"घावला. लगेच."

"मग लढाई कशाला?"

मी वही काढून तहांची कलमं वाचू लागलो. सगळे हसले, वडील तेवढे खाली बघत पाला पसरत राहिले. शेवटी मी चाचरत म्हणालो, की त्या राजांचीही सावडच होती, पण भांडणाची. एकाच्या बांधावर कुरबुर झाली की दुसऱ्यानं कोयता घेऊन यायचं. ऑस्ट्रियासाठी जर्मनी आला, सर्बियासाठी रशिया, रशियासाठी फ्रान्स.

काकू थांबली. "एवढे राजे, आन् यंदा जमत नाही असं एकालाही सांगता आलं नाही?"

याचं उत्तर वहीत नव्हतं. तसं मी कबूल केलं.

काकू वडलांना म्हणाली, जाऊ द्या याला, चिखलात तसाही हा रोपांपेक्षा स्वतःच जास्त रुततो. पण सावड फुकट नाही. आम्ही तुमच्या शेतात जितके दिवस येऊ, तितक्या संध्याकाळी यानं दिवाळीत लढाई सांगायची.

आवणीला शेजारी आमच्या शेतात तीन दिवस आले. दिवाळीत मी दोन संध्याकाळी नीट सांगितलं. तिसऱ्या संध्याकाळी काकूनं विचारलं, जिंकणार कोण? मला माहीत नाही, असं म्हणालो.

ती संध्याकाळ काकूनं हिशेबात धरली नाही. दुसऱ्या दिवशी मी तिच्या शेतात विळा घेऊन भात कापत होतो.