फुलवर बसलेला काटा

पंपावरून आणलेला डिझेलचा कॅन आळीपाळीने उचलत आम्ही तिसरा किलोमीटर चालत होतो, तरी भावजी, म्हणजे माझे धाकटे दीर, म्हणत होते, "वहिनी, काटा मात्र मी चोख दुरुस्त केला होता."

तीस वर्षं वायरमन असलेल्या माणसाला कोण शिकवणार? जुन्या मिनीबसमध्ये पलंग आणि शेगडी बसवून त्यांनी फिरतं घर केलं, पण डिझेलचा काटा मेलेलाच होता. "मध्येच बंद पडली तर मी तिथूनच माहेरी जाईन," जावेने बजावलं होतं. मग भावजींनी टाकीची वायर तपासणीपुरती पत्र्याला जोडली. तशी जोडली की टाकी रिकामी असली तरी काटा फुल दाखवतो. त्याने दाखवलं. भावजींनी हात पुसले आणि वायर तशीच ठेवली.

दोनशे किलोमीटर काटा हलला नाही. "बघा, इंजिन किती कमी पितं!" हे कौतुकही आम्ही ऐकलं.

आता लांबून गाडी दिसली. दारात जाऊ उभी होती, शेजारी तिची भरलेली बॅग.

भावजींनी कॅन खाली ठेवला. "वहिनी, तुम्ही रोज देवापुढे बसता, तुमचं ती खरं मानते. टाकी गळत होती, एवढंच सांगा ना."