कूलरसमोरच्या खुर्च्यांबाबत

अर्जदार : मी स्वतः, वय वर्षे चौपन्न, धंदा अर्जनवीस, मूळ राहणार अकोला, हल्ली मुक्काम अमरावती.

गैरअर्जदार : (१) अर्जदाराची सख्खी मुलगी, (२) मूर्तिजापूरचा एक पदवीधर मुलगा, ज्यास यापुढे ‘शेअरवाला’ म्हटले आहे, (३) अकोटकडच्या खेड्यातली एक मुलगी, आणि इतर. सर्वजण अर्जदाराच्या माडीवरील अभ्यासिकेत बसणारे.

साक्षीदार : अर्जदाराची पत्नी. ती साक्ष देईल, परंतु कोणाच्या बाजूने, हे आज सांगता येत नाही.

घटनेचा काळ : यंदाचा उन्हाळा. मूळ कारण तीन उन्हाळे जुने.

नावे मुद्दाम गाळली आहेत. ही मुले उद्या नायब तहसीलदार किंवा फौजदार होण्याचा संभव आहे, आणि मला माझे टेबल त्यांच्याच कचेरीबाहेर मांडायचे आहे.

मी अकोल्यास बी.ए.च्या पहिल्या वर्षापर्यंत शिकलो. ते वर्षही पुरे झाले नाही. तथापि सनद असलेले वकीलसुद्धा मसुदा नजरेखालून घालण्यासाठी माझ्याकडे पाठवतात, हे कचेरीच्या आवारात कोणीही सांगेल. अकोल्यात असताना आम्ही काही मुले दर रविवारी एका शिक्षकांच्या ओसरीवर जमत असू. शिक्षक समाजवाद समजावून सांगत. त्यातले निम्मे मला कळत नसे. परंतु ओसरीवरच्या सतरंजीचा व्यवहार पूर्ण कळला होता. आधी येणारा पंख्याखाली बसे, आणि उन्हातून कोणी उशिरा आला की तो न सांगता सरकून जागा देई. त्या विषयात याहून अधिक शिकण्यासारखे फारसे नाही, असे माझे मत आहे.

पुढे अमरावतीस स्थायिक झालो, घरावर माडी चढवली आणि स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलांसाठी तेथे अभ्यासिका उघडली. खिडकीत मोठा कूलर बसवला. वऱ्हाडच्या मे महिन्यात कूलर ही चैन नव्हे, हे बाहेरच्या वाचकांसाठी नमूद करतो. नियम ओसरीवरचाच ठेवला : सर्वांना एकच शुल्क, आणि ज्याने त्याने येऊन मोकळ्या खुर्चीवर बसावे.

हा नियम एक उन्हाळाही टिकला नाही. मुलांचे शिष्टमंडळ खाली माझ्याकडे आले. पुढे शेअरवाला. त्याला हे नाव पडले ते मोबाइलमुळे. इतिहासाचे पुस्तक उघडे ठेवून तो दर थोड्या वेळाने शेअरचे भाव पाहत असे.

“काका, हे काय रेशनचं दुकान हाय?” तो म्हणाला. “आमी सकाळीच येऊन कूलरसमोरची जागा धरावं, अन् दुपारी येणाराही तेवढेच पैसे देणार?”

“मग काय करावे म्हणता?”

“खुर्च्या पक्क्या करून द्या ना. समोरच्या खुर्चीचे जास्त घ्या. ज्याले थंड हवा पाहिजे तो देईन. मार्केट ठरवते जी, आपण काहून ठरवावं?”

त्या काळात त्यांच्या मोबाइलमध्ये टाय बांधलेला एक गृहस्थ रोज ओरडत असे की, माणूस गरीब राहतो तो स्वतःच्या आळसाने. मुले ते ऐकून माना डोलवीत. मी सतरंजीची हकीकत सांगितली. माझीच मुलगी, जी तेव्हा नुकतीच अभ्यासिकेत बसू लागली होती, म्हणाली, “बाबा, तुमचा समाजवाद सतरंजीवर ठीक होता. इथं खुर्च्या हायेत.” सगळे हसले.

मी बहुमतापुढे मान तुकवली. खुर्च्यांचे तीन वर्ग पाडले : कूलरसमोरच्या, मधल्या आणि जिन्याजवळच्या. तेरा कलमांची नियमावली टाइप करून भिंतीवर लावली. ती इतकी निर्दोष होती की शहरातील दुसऱ्या दोन अभ्यासिकांनी ती माझे नाव न घालता उतरवून घेतली.

तीन उन्हाळे गेले. परीक्षा पुढे ढकलल्या जात होत्या, आणि निघालेल्या जागा कंत्राटी निघत होत्या. शेअरवाल्याने शेअरचे ॲप काढून टाकले; त्यात त्याचे काय झाले हे त्याने सांगितले नाही. टायवाला गृहस्थ मोबाइलमधून नाहीसा झाला आणि त्याच्या जागी दाढी वाढवलेला, खाटेवर बसून बोलणारा एक तरुण आला. ‘भांडवलशाही’ हा शब्द माडीवर दिवसातून इतक्या वेळा ऐकू येऊ लागला की पत्नीने मला विचारले, “हा नवा पेपर लागला का पोरायले?”

तेवढ्यावर भागले असते. परंतु एका दुपारी अकोटकडची मुलगी जिन्याजवळच्या खुर्चीवरून चक्कर येऊन पडली. जिन्यावर टिनाचे छप्पर आहे आणि कूलरची हवा तेथवर पोचत नाही, ही वस्तुस्थिती मी नाकारत नाही. पत्नीने तिच्या तोंडावर पाणी मारले, कैरीचे पन्हे पाजले. माझ्या मुलीने तिला उचलून स्वतःच्या, म्हणजे कूलरसमोरच्या, खुर्चीवर बसवले. मी म्हणालो, “आजचा दिवस बसू दे. उद्यापासून नियमाप्रमाणे.”

हे वाक्य नियमावलीच्या सातव्या कलमाला धरून होते. परंतु माडीवर एकेक पुस्तक मिटले गेले, आणि तो आवाज मला आवडला नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे खाली आले. शेअरवाल्याने एक कागद माझ्यापुढे ठेवला. तो माझ्याविरुद्धचा अर्ज होता. मी चष्मा लावून वाचला आणि माझे डोके तापले. मजकुरामुळे नव्हे. मजकुरात मला ‘भांडवलदार मालक’ म्हटले होते, तेही सोसले असते. परंतु त्या अर्जास विषय नव्हता, कोणास उद्देशून आहे ते नव्हते, ‘जाहीर निषेध’ चार वेळा होता आणि नेमके काय पाहिजे ते एकदाही नव्हते. आणि हे सर्वजण पदवीधर!

“हा अर्ज आहे की आरडाओरडा?” मी म्हणालो. “बसा. लिहून घ्या.”

मी सांगत गेलो आणि माझी मुलगी लिहीत गेली. विषय : कूलरसमोरच्या खुर्च्यांबाबत. मग वस्तुस्थिती, मग अन्यायाचे स्वरूप. जिन्याजवळच्या टिनाचा उल्लेख त्यांच्याकडून राहिला होता, तो मीच घातला. मागणी दोन ओळींत आणली : सर्वांना एकच शुल्क आणि दर सोमवारी खुर्च्यांची अदलाबदल.

“मागणी मान्य न झाल्यास पुढे काय?” मी विचारले.

“पुढं काय, काका?” शेअरवाला म्हणाला. “तुमी करालच ना मान्य.”

“असे चालत नाही. मुदत आणि परिणाम नसलेला अर्ज कोणी वाचत नाही. लिहा : आठ दिवसांत मागणी मान्य न झाल्यास आम्ही सर्वजण सामुदायिकरीत्या अभ्यासिका सोडून जाऊ.”

त्यांनी एकमेकांकडे पाहिले.

“हे भारी हाय जी,” शेअरवाला हळूच म्हणाला. “हे तं आमाले सुचलंच नव्हतं.”

मी सह्या घेतल्या आणि पोच दिली. पत्नी दारात उभी होती. “झालं समाधान?” एवढेच तिने विचारले.

रविवारी माडीवर सुनावणी ठेवली. प्रसंग औपचारिक असल्याने मी इस्त्रीचा शर्ट घातला.

“पक्क्या खुर्च्या कोणी मागितल्या होत्या?”

“आमी,” शेअरवाला म्हणाला. लाजला नाही.

“जास्त शुल्क देतो, असे कोण म्हणाले होते?”

“मीच जी.”

“मग आता काय बिघडले?”

“तवा तसं वाटत होतं, काका. वाटे का मेहनत केली तं आपण मागून मधात येऊ, मधातून पुढं जाऊ. आता समजून राहिलं का पुढच्या खुर्च्या तेवढ्याच हायेत.”

“म्हणजे तुम्ही समाजवादी झालात?”

“ते पुरं नाही समजलं अजून. पण कूलर फिरता पाहिजे.”

“कूलर नाही बे, खुर्च्या!” मागून कोणीतरी ओरडले, आणि सुनावणी चालू असताना हशा पिकला.

अकोटकडची मुलगी उठून उभी राहिली. “काका, मले कूलरसमोर बसाचंच नाही. थेट हवेनं माह्यं डोकं दुखते. मले फक्त टिनाखालून उठाचं हाय.” साऱ्या सुनावणीत मला स्पष्ट समजलेली मागणी ही एवढीच.

मी निकाल दिला. अदलाबदल मान्य, एकच शुल्क मान्य. केवळ एक अट : तीन वर्षांपूर्वीची आमची मागणी चुकीची होती व काकांचा मूळ नियम योग्य होता, अशी एक ओळ सर्वांनी लिहून द्यावी.

“काहून?” माझी मुलगी म्हणाली.

“नोंदीसाठी.”

“बाबा, तुमाले भांडण मिटवाचं हाय का जिताचं हाय?”

“चूक कोणती, पण?” शेअरवाला खरोखरच गोंधळला होता. “तवा ते बरोबर होतं. आता हे बरोबर हाय.”

येथे माझा धीर संपला, आणि तो अजून परत आलेला नाही. विचार म्हणजे मोबाइलचे कव्हर आहे काय, की मळले म्हणून दुसरे चढवावे? आमच्या काळी माणूस समाजवादी असला तर मरेपर्यंत असे. मग त्याच्या नावावर पेट्रोल पंप का असेना. त्याला निदान ओळखता येत असे. या मुलांना काल बाजार पाहिजे होता, आज समता पाहिजे आहे, उद्या काय मागतील ते त्यांनाही ठाऊक नाही, आणि दर वेळी खुर्च्या मात्र मी हलवायच्या! एक ओळ मागितली, तर मी त्यांच्या बापाची जमीन मागितल्यासारखे चेहरे झाले. कोणीही सही केली नाही.

मुदत संपली त्या सकाळी ते गेले. अर्जात लिहिल्याप्रमाणे, सर्वजण, सामुदायिकरीत्या. वॉर्डातले एक बंद वाचनालय त्यांनी उघडून घेतले आहे, आणि मंडपवाल्याकडच्या खुर्च्या आणल्या आहेत. तेथे कूलर नाही. त्यामुळे समता पूर्ण आहे. माझी मुलगीही रोज सकाळी पाण्याची बाटली आणि डबा घेऊन तिकडेच जाते. संध्याकाळी लालबुंद होऊन येते आणि आई डोक्यावर ओला पंचा ठेवते, तो ठेवून घेते. अकोटकडची मुलगी परवा दुपारपर्यंतच बसू शकली, असे माझी मुलगी आईला सांगत होती. मला कोणी सांगितले नाही, मी ऐकले. परीक्षा तोंडावर आहे, आणि ऊन अजून चढायचे आहे.

मी मुलीच्या हाती दोन पानी लेखी उत्तर पाठवले. अट कायम ठेवली होती, परंतु भाषा सौम्य केली होती. त्यांनी त्याचा फोटो काढून आपल्या ग्रुपवर टाकला, आणि खाली एकामागून एक अंगठे उमटले. ते मला दाखवण्यात आले.

“हो म्हणून राहिले ना ते,” पत्नी म्हणाली.

“नाही, आई. वाचलं म्हणून,” मुलगी म्हणाली.

सही न येणाऱ्यांचे अंगठे मी आयुष्यभर घेतले. परंतु अंगठा कशासाठी दिला आहे, हे प्रत्येकाच्या वर लिहिलेले असे.

सबब, गैरअर्जदारांस कळविण्यात येते की, सर्वांना एकच शुल्क व दर सोमवारी खुर्च्यांची अदलाबदल या दोन्ही मागण्या अर्जदारास मान्य आहेत. टिनाखालची खुर्ची तेथून कायमची काढली आहे. चूक कबूल करण्याबाबतची अट अर्जदाराने सोडलेली नाही. परंतु तूर्त ती मांडत नाही, आणि परीक्षा होईपर्यंत तिचा उल्लेख जिन्यावर, जेवताना किंवा अन्य कोठेही करणार नाही. आपण परत येणार किंवा नाही, हे शब्दांत, एका ओळीत, शक्यतो आजच कळवावे. उत्तर येईपर्यंत कूलर रोज सकाळी भरून सुरू ठेवण्यात येत आहे.