तसबिरीमागचा चौकोन

फिल्म क्लबात युद्धकाळातला एक इटालियन सिनेमा लागला होता. एका कादंबरीवरून घेतलेला, गोष्ट सोव्हिएत रशियातली. शत्रूच्या देशात माणसं कशी भीत भीत जगतात हे दाखवायचं, म्हणून इटलीच्या हुकूमशाही सरकारनं खुशीनं परवानगी दिली असणार. पडद्यावर रशियन कचेरी होती, भिंतीवर रशियन पुढाऱ्याची तसबीर. पण तसबिरीभोवती भिंतीवर एक फिकट चौकोन दिसत होता, तिच्याहून बराच मोठा. मला शंका आली, शूटिंगच्या आदल्या दिवसापर्यंत या इटालियन भिंतीवर कुणाची तसबीर असेल? मग सिनेमातला दाराला कान लावणारा शेजारीही मला रशियन वाटेना.

दिवे लागले. बाजूच्या खुर्चीतले देशपांडे म्हणाले, "कसले दिवस काढले हो त्या लोकांनी. आपल्याकडे बरं आहे."

मी समोर पाहिलं. भिंतीवर क्लबाच्या नव्या अध्यक्षांचा फोटो होता आणि त्याच्याभोवती फिकट चौकोन. जुन्या अध्यक्षांचं नाव हल्ली कुणी काढत नाही. देशपांडेही तिकडंच बघत होते.

"काय बघताय?" मी विचारलं.

"कुठं काय," ते म्हणाले. आवाज मात्र त्यांनी खाली आणला होता.