सालूतेच्या दिवशी निवेस माहेरी गेली

निवेस बुझेत्तो लग्नानंतर व्हेनिस सोडून पुलापलीकडच्या मेस्त्रेला गेली, ती दोन वर्षांपुरती म्हणून. नवरा तिकडच्या कारखान्यात होता, आणि व्हेनिसच्या तळमजल्यावर पाणी शिरून गाद्या कुजायच्या. ती तिथेच म्हातारी झाली, नवऱ्याला तिथेच पुरलं. चौथा मजला, खिडकीखाली पेट्रोल पंप. मेस्त्रे काही वाईट नाही, पण बाईचा जीव तिथे एक दिवसही रमला नाही. हे मात्र तिने कुणाला सांगितलं असेल तर शपथ. उलट दरवर्षी माहेरी जाऊन भावापुढे टेंभा मिरवायची. "आमच्याकडे लिफ्ट आहे, फरशी कोरडी असते, गाडी दारापर्यंत येते!" असा हट्टी स्वभाव. आपल्याच पायावर धोंडा मारून घ्यायचा आणि वर हसायचं.

यंदा मात्र तिने ठरवलं होतं. थोरला भाऊ फेरूच्चो व्हेनिसमधल्या माहेरच्या जुन्या भाड्याच्या घरात एकटाच राहत होता. मागची खोली रिकामी होती. ती खोली मागायची आणि उरलेलं आयुष्य तिथे काढायचं. ईस्टरपासून हे पोटात धरून होती. फोनवर विचारता आलं असतं, पण त्यांच्या घरचं वळण निराळं. सालूतेचा दिवस म्हणजे जुन्या काळी प्लेग टळला म्हणून मारियामातेला मेणबत्ती लावायचा दिवस. चर्चमधून थेट थोरल्याच्या घरी जेवायला जायचं, आमंत्रणाची वाट बघायची नाही. आणि त्या जेवणावर कुणी काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही. म्हणून ती नोव्हेंबरपर्यंत थांबली.

सोबत शेजारची एलिदे आणि तिचा नवरा गास्तोने होते. जन्म मेस्त्रेत गेला, पण व्हेनिस त्यांनी कधी धड पाहिलं नव्हतं. गास्तोने तर फक्त डोळ्यांच्या ऑपरेशनला आला होता. निवेसने दोघांना धुक्यातून गल्लीबोळांतून फिरवलं, राजवाडा दाखवला, घंटेचा मनोरा दाखवला.

"ह्या गावात सरळ रस्ता एकही नाही का गं?" गास्तोने धापा टाकत म्हणाला.

"सरळ चालणारी माणसं मेस्त्रेला गेली," निवेस म्हणाली. तिची कळी भलतीच खुलली होती.

सणापुरत्या बांधलेल्या तरंगत्या पुलावरून ते चर्चमध्ये गेले. तिथल्या माणसाने मेणबत्त्या घेतल्या, पेटवल्या आणि मागे गर्दी होती म्हणून लगेच विझवल्या.

"अरे, माझी नीट पेटलीसुद्धा नव्हती!" गास्तोने कुरकुरला.

"मातेला दिसली ना? मग झालं तर," एलिदेने त्याला गप्प केलं.

मग ते भावाच्या घराकडे निघाले. खारवून धुरावलेलं मटण तीन दिवस उकळायचं आणि शेवटी त्यात कोबी घालायचा, हे सालूतेचं जेवण. वास खालच्या दारापासून नाकात शिरतो. निवेस जिना चढू लागली आणि मध्येच थांबली. वास नव्हता. दादा गेला की काय, असं तिच्या मनात आलं.

पण दादाने दार उघडलं, चांगला धडधाकट.

"या, या! मटण काही केलं नाही गं, पातेली बांधून टाकली. ब्रेड आहे, खाऊ आपण."

आत खोकीच खोकी. भिंतीवर फोटोंच्या जागी नुसते पांढरे चौकोन. पाहुणे खोक्यांवर बसले.

"घर सोडतोय," फेरूच्चो म्हणाला. "गुडघे गेले माझे. मालकाला इथे पर्यटक ठेवायचेत. गेल्याच आठवड्यात सही करून दिली. सोमवारी मेस्त्रेत येतोय, तुझ्या मागच्याच गल्लीत. लिफ्ट आहे, म्हटलं!"

"वा! मग रोज पत्ते खेळायला या की!" गास्तोने खूश झाला.

निवेस म्हणाली, "मला विचारायचं तरी होतंस, दादा."

"तुला काय विचारणार? सही करताना एकदा मनात आलं होतं, निवेस येत असेल तर दोघं मिळून राहू, धरून ठेवू घर. पण मग म्हटलं, ती तिथे इतकी सुखात आहे, तिला ह्या ओलीत कशाला ओढायचं? तूच तर सांगतेस ना दरवर्षी."

दोष कुणाला देणार? एक फोन केला असता तर. एकदा, एकाच वर्षी, खरं बोलली असती तर. माहेरचं दार आता कायमचं बंद झालं, हे तिला स्वच्छ कळलं.

एलिदे आणि गास्तोने खिडकीतून कालवा बघायला उठले. तेवढ्यात फेरूच्चो तिच्याजवळ सरकला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं होतं.

"निवेस, खरं सांग हं. मी ह्या घराबाहेर कधी झोपलेलो नाही. तिथे सवय होते ना गं?"

तिने भावाकडे पाहिलं. बोलायचं ते तोंडापर्यंत आलं होतं. पण आता ते ऐकून तो करणार तरी काय होता?

"होते, दादा," ती म्हणाली. "वर्षभरात होते."