मांडवगणातली हंगेरियन शिकवणी

पुण्याहून शिरूरच्या एसटीत बसले तेव्हा पिशवीत दोन वह्या आणि एक पाटी होती. तीन वर्षं हंगेरीत राहून आल्यापासून मी घरबसल्या ऑनलाइन तिथली भाषा शिकवते. विद्यार्थिनीच्या दारी जायची ही पहिलीच वेळ. मांडवगण फराट्याची प्रियांका रांजणगावच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. कंपनी तिला दोन वर्षांसाठी हंगेरीला पाठवणार होती, पण त्याआधी दुसऱ्याच दिवशी सकाळी तिथल्या भाषेची तोंडी परीक्षा होती. गावात नेट धड चालेना, म्हणून मीच निघाले.

शिरूरला मांडवगणची गाडी माझ्या डोळ्यांदेखत गेली. मग वडाप (माणसं भरली की सुटणारी जीप) धरली. कांद्याच्या रोपांच्या जुड्या मांडीवर घेऊन तासभर बसले. दोन्ही बाजूंना ऊस, दुसरं काही दिसेना.

ओट्यावर प्रियांकाचे सासरे, आबा, बसले होते. तरुणपणी मेंढरं घेऊन फिरलेले, आता ऊस लावतात.

"तुमीच का हिला परदेशी धाडणाऱ्या?"

"धाडते कंपनी. मी नुसती भाषा शिकवते, आबा."

"त्येच की."

जेवायला बाजरीची भाकरी आणि माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ पेज) होतं. मी दोनदा मागून घेतलं. आबा मात्र हात धुऊन मुद्द्यावर आले. "माजा थोरला दोन वर्सांसाठी म्हणून सुरतंला गेला. आता त्याच्या पोरांना मराठी येत न्हाई. हिची पोरगी मी आन् धाकला संबाळू, चार वर्सांची हाय, जड न्हाई. पर ही माघारी येती का, त्येवढं सांगा." प्रियांका मान खाली घालून ताट उचलत होती. मीही माझी वाटी घेऊन तिच्यामागे गेले.

दुपारी पाटी काढली. आपल्यासारखेच हंगेरियनमध्येही शब्दाला शेवटी प्रत्यय लागतात. पण आपल्याकडे 'बाग'चं 'बागे' होतं, मग 'त' लागतो. वाकतो तो शब्द. तिकडे शब्द बहुधा ताठ राहतो आणि प्रत्यय आपला स्वर बदलतो. हाझ म्हणजे घर, घरात म्हणजे हाझबॉन. केर्त म्हणजे बाग, बागेत म्हणजे केर्तबेन. शब्दात आ, ओ, उ असे तोंडात मागे उमटणारे स्वर असले की बॉन, ए-सारखे पुढचे असले की बेन. अपवाद आहेत, काही प्रत्ययांना तिसरं रूपही आहे, पण मुख्य वाट हीच.

प्रियांकाला नियम तोंडपाठ होता. बोलायला लागली की मात्र सगळीकडे बेन. दहाव्यांदा चुकली तेव्हा माझा आवाज चढला.

"त्यांच्यात मेंढीला काय म्हंत्यात?" आबांनी मधेच विचारलं.

"युह. आणि शेळीला केच्के. मेंढीला द्यायचं तर युहनॉक, शेळीला केच्केनेक."

आबा दोन्ही शब्द पुटपुटले. मग सुनेकडे वळले. "संध्याकाळी कोकरं आयांना लावताना आमी काय करायचो? आदी मेंढी बघायची, मंग तिचं कोकरू उचलायचं. तू कोकरू उचलून पळतीस, आन् मंग आय हुडकतीस."

प्रियांका हसली. त्यानंतर आबा मराठी शब्द टाकायचे, ती आधी हंगेरियन शब्द सावकाश म्हणायची, क्षणभर थांबायची, मग प्रत्यय लावायची. ऊन उतरेपर्यंत चुका जवळजवळ थांबल्या. जे घडू नये असं आबांना वाटत होतं, त्याचीच तयारी ते तिच्याकडून करून घेत होते.

सकाळी प्रियांका कंपनीच्या बसनं गेली. आबांनी मला दौंडच्या गाडीत बसवलं. दौंडला पुण्याची गाडी उशिरानं होती. फलाटावर भेळ खात बसले असताना आबांचा फोन आला.

"झाली निवड. एक बी चूक न्हाई म्हनं."

मी अभिनंदन केलं.

"बाई, 'घरी ये' हे त्यांच्यात कसं म्हंत्यात?"

"ग्येरे हॉझॉ."

आबांनी ते माझ्याकडून चारदा म्हणवून घेतलं. गाडी आली, मी डब्यात चढले, पाटस स्टेशन मागे पडलं, तरी ते फोनवर होतेच. आता मागून नातीचाही आवाज यायला लागला होता. दोघं मिळून म्हणत होती.