सोन्याच्या आठ कांड्या

सांगायला लाज वाटते खरी, पण लाजेपायीच सगळा घोळ झाला, म्हणून सांगूनच टाकतो.

माझी चुलत बहीण वैशू कणकवलीजवळ शेळ्या पाळते. तिचा सोन्या नावाचा बोकड, असा देखणा की लोक लांबून बघायला यायचे. पावसाळ्यात साप चावून गेला बिचारा. नशीब, तो असतानाच त्याचं वीर्य गोठवून अंधेरीच्या एका लॅबमध्ये ठेवलं होतं. प्लास्टिकच्या आठ बारीक कांड्या. सोन्याचं म्हणून जगात उरलं होतं ते एवढंच.

ते न्यायला वैशू आली. त्या कांड्या बुडवून ठेवलेलं, द्रव नायट्रोजनचं, दुधाच्या किटलीएवढं भांडं बोरीवलीला आमच्या घरी ठेवलं आणि ती घाटकोपरला मावशीकडे गेली. जाताना बजावून गेली, हात लावू नको.

दुपारी बघतो तर झाकणाच्या कडेने पांढरी वाफ! सगळं उडून चाललं की! वैशूचा फोन लागेना. खाली निघालो, तर लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरचे साठेकाका. आता त्यांना काय सांगू? बँकेत साहेब म्हणून जन्म काढलेला मी. शेजारी शाहवहिनी उभ्या असताना 'वीर्य' म्हणायचं?

म्हणालो, "काका, गावचं औषध आहे. थंड ठेवायचंय, पण उडून जातंय."

"मग फ्रीजमध्ये टाक ना. त्यात विचारतोस काय?"

टाकलं. सांडशीने एकेक कांडी काढली आणि फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीवर नीट मांडून ठेवली. वर स्वतःवर खूश होऊन चहाही घेतला.

संध्याकाळी वैशू आली. मी मोठ्या ऐटीत तिला फ्रीझर उघडून दाखवला.

"किती येळ झालो?"

चार तास, मी म्हणालो. ती जमिनीवरच बसली. नायट्रोजनच्या थंडीपुढे आमचा फ्रीझर म्हणजे तापलेलं अंगण, आणि ती वाफ तर रोजचीच, हे तिने मला न ओरडता समजावलं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात औषधाची चौकशी करायला साठेकाका आले. सगळं ऐकून कपाळावर हात मारला त्यांनी. हा माणूस निवृत्त होईपर्यंत गुरांच्या सरकारी दवाखान्यात कृत्रिम रेतनच करत होता, आणि वीस वर्षं एका बिल्डिंगमध्ये राहून मी कधी विचारलं नव्हतं!

"अरे, बोकडाचं वीर्य आहे म्हणाला असतास, तर भांड्याला हात लावू दिला नसता तुला."

वैशूने कांड्या ओंजळीत घेतल्या. "आज सोन्या खरो गेलो," म्हणाली. मला रडूच आलं. मग माझ्याकडे बघत म्हणाली, "दादा, दोन पोरांचो बापूस तू. नि तुका बोकडाच्या वीर्याची लाज?"

आता तो शब्द मी कुणापुढेही खणखणीत उच्चारतो. सोन्याला त्याचा काही उपयोग नाही.